मुहूर्त नसलेले दिवस

लातूरच्या एका मंगल कार्यालयात मी गेली अडीच वर्षं बसते. बसते म्हणजे लॅपटॉप मांडून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, नोकरीला. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग, मी बाई आहे म्हणून, हमखास विचारतो, "मग तुमचं जमलं का नाही अजून?"

पुण्यात मी ऑफिसांचे नकाशे काढायचे. अजूनही त्याच फर्मसाठी काढते, फक्त लातुरातून. बाणेरच्या नाहीतर मुंबईत बीकेसीच्या एखाद्या मजल्यावर जास्तीत जास्त माणसं कशी बसवायची, हे माझं काम. सुरुवातीला एका माणसामागं शंभर चौरस फूट धरायचो, मग ऐंशी, मग साठ. भाडं असं की खांबाची जाडीसुद्धा मालकाच्या डोळ्यांत खुपायची. आणि हे नकाशे मी काढायचे कुठं बसून? तर महिना आठ हजार रुपये देऊन घेतलेल्या को-वर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसातल्या, एका खुर्चीत, कारण फर्मनं स्वतःचं ऑफिस परवडत नाही म्हणून कधीच सोडलं होतं.

२०२३ च्या मार्चमध्ये घरच्या अडचणीमुळं लातूरला परत आले. दोन खोल्यांचं घर, बहिणीची दोन लेकरं, आईचं भजनी मंडळ. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की लॅपटॉपचा पंखा माझ्यापेक्षा जास्त धापा टाकायचा. जागा शोधणं भाग होतं.

गाळा बघितला. आठ हजार भाडं, लाखभर डिपॉझिट, वर पीओपी आणि वायरिंग माझ्या खर्चानं. मग ट्यूशन एरियात गेले. वाटलं, एवढे क्लास आहेत, दुपारी एखादी खोली तरी मोकळी असेल. पण लातूर पॅटर्नच्या गावात क्लासची खोली मोकळी राहिली तर मालकाला झोप येत नाही. सकाळी सहाला नीटची बॅच, रात्री नऊला डाउट सोडवायची बॅच. गंजगोलाईच्या मागं एक जुना वाडा मात्र फार मनात भरला होता. दगडी भिंती दोन हात रुंद, वर माळवद, मे महिन्यातसुद्धा आत गारवा. भाडंही किरकोळ. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, पण आई ऐकेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमच्या आजोळी माळवदाखाली माणसं गेली. दगड-मातीच्या जड छताखाली आमच्या पिढीच्या आया लेकरांना निवांत बसू देत नाहीत. मीही फार वाद घातला नाही. नकाशे काढते, त्यामुळं त्या भिंतींना भूकंपात एकत्र धरून ठेवणारा एकही आडवा बांध नाही हे मलाही दिसत होतं.

मंगल कार्यालय सुचलं ते मामाच्या मुलाच्या लग्नात. जून संपत आला होता, वऱ्हाड पोचायचं होतं, मी एका खांबाला टेकून बसले होते. बसल्या बसल्या जागा मोजायची मला खोडच आहे. मोठा हॉल चाळीस बाय नव्वद फूट, उंची सोळा. बाजूला पंगतीचा हॉल, त्याला उत्तरेकडं चांगल्या मोठ्या खिडक्या. वधूकक्ष, वरकक्ष, भटारखाना, बायकांसाठी सहा संडास. जनरेटर. पार्किंग. पुण्यात एवढ्या जागेत आम्ही साठ माणसं बसवली असती आणि मालकानं पेढे वाटले असते.

मालक म्हणजे आप्पा, आमच्या मामांचे जुने ओळखीचे. जेवणं उरकल्यावर त्यांना विचारलं, "आप्पा, आषाढी झाली की इथं काय करता?"

"काय करणार माय, कुलूप लावतो. कबुतरं बसतेत."

आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात. तोवर चातुर्मास, लग्नं बंद. आणि २०२३ साली तर अधिक श्रावण आलेला, म्हणजे चातुर्मास चारऐवजी पाच महिन्यांचा. २९ जून ते २३ नोव्हेंबर. आप्पा त्या वर्षाला शिव्या देत होते आणि मी मनातल्या मनात तारखा मोजत होते.

को-वर्किंगचा जन्मच असा झाला, हे मला पुण्यात नकाशे काढताना माहीत झालं होतं. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरनं आठवड्यातून दोनच दिवस मिळालेल्या जागेत घडीची टेबलं मांडून सुरुवात केली होती. पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही म्हणे. पुढं न्यूयॉर्कमध्ये स्पेशस नावाच्या कंपनीनं संध्याकाळी उघडणारी रेस्टॉरंटं दिवसा कामाला वापरायला घेतली. जेवणाचीच टेबलं, त्यांच्यावर प्लगांच्या पट्ट्या. त्या महागड्या शहरांतल्या लोकांनी जागा नाही, रिकामी वेळ भाड्यानं घेतली होती. आमच्याकडं रेस्टॉरंट रिकामं नसतं. आमच्याकडं रिकामा असतो तो चातुर्मास.

आप्पांना मात्र हे पटवायला चार चकरा झाल्या. भाड्याचा प्रश्न नव्हता, भीती ताब्याची होती. "आज सात पोरं बसतेत, उद्या बोर्ड लावतेत, परवा कोर्टात भेटतेत," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या बहिणीच्या दुकानाचा भाडेकरू तीस वर्षं निघालेला नाही, त्यामुळं मी त्यांना दोष देत नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा: करार महिन्याचा नाही, दिवसाचा. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये लिहून घेतलं की लग्नकार्य ठरलं तर दोन दिवस आधी सांगून जागा मोकळी करून मिळेल, बोर्ड लावायचा नाही, आणि संध्याकाळी सामान आवरून ठेवायचं. दिवसाला अडीचशे रुपये. विजेला वेगळा सबमीटर. वीज दराचं काही बदलावं लागलं नाही, कार्यालयाचं मीटर आधीपासून व्यापारी दराचंच. वाड्यात बसलो असतो तर घरगुती मीटर बदलून घेण्यापासून सुरुवात होती. शॉप ॲक्टचंही तसं सोपं निघालं. २०१७ च्या कायद्यानं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची होती, आणि आमच्यात तर कामगार कुणीच नाही, सगळे आपापले.

सात जण कसे जमले हे सांगण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला आणि तिसऱ्या दिवशी झाले. जीएसटीची रिटर्न भरणारे दोघं, हैदराबादच्या कंपनीचं मेडिकल कोडिंग, म्हणजे रुग्णांच्या कागदांना कोड द्यायचं काम, करणारा एक पोरगा, ऑनलाइन शिकवणारी एक ताई, सबटायटल करणारी एक, पीक विम्याच्या कागदांचं काम करणारे एक काका, आणि मी. ३ जुलैला, सोमवारी, बसलो.

आणि पहिल्याच तासाला कळलं की मंगल कार्यालय हे बोलायसाठी बांधलेलंच नसतं. ते सनईसाठी बांधलेलं असतं.

मी टाळी वाजवून मोबाईलवर मोजलं. आवाज विरायला चार सेकंद लागत होते. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट, वर सोळा फुटांवर छत, आत माणूस नाही. लग्नात हजार माणसं, त्यांची कापडं, साड्या आवाज पिऊन टाकतात, म्हणून तेव्हा जाणवत नाही. आम्ही सात जण एकाच वेळी कॉलवर आलो तर पुण्याचा क्लायंट म्हणायचा, तुम्ही स्टेशनवर आहात का? कोडिंगवाला पोरगा कुठल्याशा पोल्ट्रीतून अंड्यांचे दोनशे ट्रे घेऊन आला. यूट्यूबवर बघितलं होतं त्यानं. मी सांगत होते, पुठ्ठ्याच्या ट्रेनं किरकोळ फरक पडतो, आवाज प्यायला जाड आणि मऊ वस्तू लागते. पण उत्साहापुढं काही चालत नाही. ट्रे लावले, फरक शून्य, आठवड्यात झुरळं. मग कार्यालयाच्याच खोलीतल्या सतरंज्या काढल्या, पंगतीच्या हॉलमध्ये अंथरल्या. मांडववाल्याकडून पाइप आणि जाड पडदे आणले, भिंतीला चिकटवून नाही तर वीतभर पुढं टांगले. मागं हवेची पोकळी राहिली की तेच कापड जास्त आवाज खातं. वरून आईनं दिलेल्या चार वाकळा. आवाज दीड सेकंदावर आला. दिसायला एकदम तमाशाच्या फडासारखं दिसत होतं, पण क्लायंटनं स्टेशनचं नाव काढणं सोडलं.

पुढचं दुखणं करंटचं. लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या. ताईंना वाटायचं, बीपी वाढलं. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं टेस्टर लावला आणि मान हलवली. अर्थिंगच नव्हतं. म्हणजे होतं, कार्यालय बांधताना केलेलं, पण खड्डा वाळून ठणठणीत झालेला. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, आणि ते ओलं राहिलं तरच करंट जमिनीत जातो. तो ऑगस्ट २०२३. १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. सोयाबीन माना टाकत होतं, तिथं अर्थिंगच्या खड्ड्याला कोण पाणी घालणार! वॉचमन मामांना सांगितलं, रोज एक बादली टाका. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. हे गाव २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर जगलेलं आहे. मामांनी त्या वेळी रात्र-रात्र टँकरच्या रांगेत काढल्या होत्या. शेवटी हात धुवायच्या बेसिनचं पाणी पाइप टाकून त्या खड्ड्याकडं वळवलं. नवा कोळसा, नवं मीठ, मेन बोर्डात गळती दिसली की लाइन तोडणारा एक ब्रेकर. चार हजार गेले. आप्पांनी अर्धे दिले, कारण त्या ब्रेकरमुळं त्यांच्या डीजेवाल्यांचीही सोय झाली.

चातुर्मासात कार्यालय रिकामं असतं हे मी आप्पांच्या तोंडचं ऐकलं होतं, पण ते पुरतं खरं नाही. लग्नं नसतात. बाकी माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं असतं. बारसं, डोहाळजेवण, बचत गटाचा मेळावा, कुठल्या तरी पुढाऱ्याचा वाढदिवस. आणि तेरावा. तेराव्याला मुहूर्त लागत नाही आणि कुणी महिनाभर आधी बुकिंगही करत नाही. अशा दिवशी दोन दिवसांची नोटीस कुठून मिळणार?

श्रावणातला एक दिवस. मी कॉलवर होते, पुण्याचे साहेब एका रिसेप्शनच्या काउंटरची उंची बदला म्हणत होते, आणि मोठ्या हॉलमध्ये बायका आल्या. एकीनं हंबरडा फोडला. माझा माइक चालू. साहेब गप्प. मग म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "शेजारी तेरावा आहे." ते म्हणाले, "ऑफिसच्या शेजारी?" मी काय समजावणार? लॅपटॉप मिटला. आमचे सगळेच उठले. पडदे ओढून घेतले, चपला बाहेर काढून ठेवल्या. थोड्या वेळानं गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा आत आला. मला वाटलं, आता उठायला सांगणार. तो म्हणाला, "ताई, दोन घास खाऊन जावा. दारात आलेलं माणूस उपाशी जाऊ नये, असं आमचे वडील म्हणायचे." आम्ही सातही जण पंगतीला बसलो. विम्याचे काका त्या माणसाला ओळखत होते असं निघालं. दोन वर्षांपूर्वी त्यांचाच पीक विम्याचा दावा अडकलेला सोडवला होता. ते पुढं वाढायलाच उभे राहिले.

काउंटरची उंची त्या दिवशी बदलली नाही.

ऑक्टोबरमध्ये मात्र आप्पांशी भांडण झालं. दिवाळीच्या तोंडावर एका साड्यांच्या सेलवाल्यानं दोन्ही हॉल बारा दिवसांसाठी मागितले आणि आमच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे त्या बारा दिवसांचे देऊ केले. आप्पांनी हो म्हटलं. कागदावर 'लग्नकार्य' लिहिलं होतं, 'सेल' नव्हतं. मी तावातावानं कागद दाखवला. आप्पा म्हणाले, "माय, कागद तुझा बरोबर हाय. पर तूच सांग, मी तुझ्या अडीचशेवर घर चालवू का?" हे ऐकल्यावर माझा ताव उतरला, राग नाही उतरला. दोन दिवस घरी बसून काम केलं, तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन: वधूकक्ष आणि वरकक्ष मोकळे आहेत, बिनभाड्यानं बसा.

वधूकक्षात आम्ही तिघी. चार बाय सहा फुटांचा आरसा, त्याच्याभोवती बारा बल्ब. माझ्या आयुष्यात व्हिडिओ कॉलवर मी एवढी गोरी आणि टवटवीत कधीच दिसले नव्हते. ऑनलाइन शिकवणाऱ्या ताईंनी तेव्हापासून ती खोली सोडलीच नाही. बाहेर माइकवर, "कोणतीही घ्या, दोनशे निन्नाणव," आत दहावीचा भूमितीचा धडा. भिंती लहान, गादी-उशा भरपूर, त्यामुळं आवाज अजिबात घुमत नाही. पुण्याच्या ऑफिसांत फोन बूथ म्हणून लाखाला जी पेटी विकतात, ती लग्नघरात फुकट पडून असते हे मला त्या बारा दिवसांत कळलं.

कार्तिकी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि खरी लगीनसराई आली. इथं बहुतेक जण विचारतात, मग तुम्ही जाता कुठं? कुठं जात नाही. मुहूर्त रोज नसतो. जानेवारीत पंचांग आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी मांडून बसायचं, मुहूर्ताचा दिवस आणि हळदीचा आदला दिवस लाल करायचा, उरतील ते आपले. पौषात तर भरपूर उरतात. हल्ली काढीव मुहूर्तांवरही लग्नं होतात, त्यामुळं लालची संख्या आप्पांना विचारूनच पक्की करावी लागते. सामान स्टेजखाली. स्टेज आतून पोकळ, मागून लोखंडी दार. टेबलं केटरिंगवाल्यांचीच, घडीची, अडीच फुटांची. खुर्च्या मात्र स्वतःच्या आणल्या, कारण पंगतीची खुर्ची जेवणापुरती ठीक, आठ तास बसलं की कंबर जाब विचारते. सगळं आवरायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागतात.

स्टेजखालीच माझा मॉनिटर गेला. डिसेंबरातलं लग्न, स्टेजवर खऱ्या फुलांची सजावट, फुलं ताजी राहावीत म्हणून फवारा. ते पाणी रात्रभर फळ्यांतून खाली झिरपत राहिलं. चौदा हजारांचा मॉनिटर, भरून कोण देणार? नवरदेवाकडच्यांना मागायचे का? तेव्हापासून सामान ताडपत्रीत आणि विटांवर.

पैशांचं सांगते, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. महिन्यात साधारण वीस-बावीस दिवस मिळाले तर भाडं साडेपाच हजारांच्या आत, वीज दोन-अडीच हजार, फायबर हजारभर. फायबरवाल्यानं आल्या आल्या विचारलं होतं, "लग्न लाइव्ह दाखवायचंय का?" प्रत्येकी तेराशे रुपये काढतो, थोडे शिल्लक पडतात ते दुरुस्तीला. लगीनसराईत दिवस कमी, भाडंही कमी. पुण्यातल्या खुर्चीच्या आठ हजारांशी तुलना करायचा मोह होतो, पण ती पूर्ण खरी नाही. तिथं मला दर सोमवारी जागा कुठं असेल हे ठाऊक असायचं.

मधे पुण्याहून एक ओळखीचे आले होते. सगळीकडं फिरले, फोटो काढले आणि म्हणाले, मराठवाड्यातली शंभर कार्यालयं जोडून ॲप करू. मला ते पटलं नाही. न्यूयॉर्कच्या त्या रेस्टॉरंटवाल्या कंपनीला २०१९ मध्ये वीवर्क या को-वर्किंगमधल्या बड्या कंपनीनं विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद करून टाकलं. मालकाचा मूळ धंदा वेगळा असतो, तो कधीही तुम्हाला उठवू शकतो, आणि ते त्यानं उठवायलाच पाहिजे. ॲपला हे चालत नाही. आम्हाला चालतं, कारण आप्पा उठवतात तेव्हा फोन करून उठवतात.

२०२४ ला तर उलटंच झालं. गुरू-शुक्राचा अस्त आला आणि मे-जूनमध्ये मुहूर्त जवळजवळ आटले. आप्पांचा भर उन्हाळा कोरडा गेला. आम्हाला पहिल्यांदाच मे महिन्यात हॉल मिळाला आणि मग समजलं की लग्नात लोक एवढे घामाघूम का होतात. छतावर चुना मारून घेतला, दोन मोठे कूलर भाड्यानं आणले. कोरड्या मे महिन्यात कूलर चांगला चालतो, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नुसता चिकचिकाट. पण दिवसाला दीडशे लिटर पाणी पितो, आणि त्या पाण्याचा हिशोब शेवटपर्यंत जुळला नाही.

परवा सकाळी आले तर आप्पा पायरीवर बसून नवं पंचांग चाळत होते. चष्मा कपाळावर, चेहरा उतरलेला.

"काय झालं आप्पा?"

"औंदा अधिक ज्येष्ठ हाय माय. १७ मे ते १५ जून. ऐन सराईत महिनाभर कुलूप."

मी तोंड शक्य तितकं पाडलं. पर्समधून पेन काढलं, मोबाईलच्या कव्हरमागच्या चिठ्ठीवर तारखा लिहायला लागले. आप्पा बघत होते.

"लिही, लिही," ते म्हणाले. "पर कूलरचं टँकर या टायमाला तुमच्याकडं."

"अर्धं."

"बरं, अर्धं. आन दिवसाचे तीनशे."

त्यावर अजून बोलणी चालू आहेत.